गोव्यात घरचं गॅरेज लावताना: कुठला पसारा ठेवायचा, कुठला काढायचा

जुन्या गाड्यांचा नाद लागलेल्या माणसांत दोन पंथ असतात. एकाच्या भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले, प्रत्येकाच्या मागे रंगाने त्याची आकृती काढलेली, जमिनीवर तेलाचा ठिपका शोधून सापडत नाही. दुसऱ्याकडे जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटवर जीपचा कार्ब्युरेटर, त्याच्या शेजारी कालचा चहाचा कप आणि सुटा गिअरबॉक्स दाराला टेकू म्हणून. दुसरा पहिल्याला विचारतो, ‘तू गाडी दुरुस्त करतोस की पाने पुसतोस?’ पहिला त्याला उत्तर देत नाही, कारण तो खरंच पाने पुसत असतो.

नुकतीच जुनी मारुती ८०० घेतलेल्या किंवा आजोबांची फियाट वारशाने मिळालेल्या नवख्याने यातला कुठला पंथ धरावा? पुण्यात हा स्वभावाचा प्रश्न असेल. गोव्यात तो हवेचा प्रश्न आहे. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं पोलाद गंजू लागतं. आपल्याकडे जुलैत ती दिवसचे दिवस ऐंशी-नव्वदीत असते. समुद्राजवळ राहत असाल तर वाऱ्यातलं मीठ वेगळं.

म्हणून माझी कसोटी एकच आहे: वस्तूंच्या खालून, मागून आणि मधून वारा फिरतो का? फिरत असेल तर गॅरेज दिसायला कसंही असो, चालेल. घट्ट बंद होणाऱ्या कपाटांचं चकचकीत गॅरेज ऑगस्टमध्ये उघडून बघा, आतल्या पान्यांवर तांबूस थर चढलेला असतो. आणि भिंतीला चिकटवून रचलेल्या खोक्यांच्या ढिगात त्याच वेळी वाळवीने घर केलेलं असतं. दोन्ही पंथ इथे सारखेच नापास होतात. पुढच्या पायऱ्या या कसोटीवर बेतलेल्या आहेत.

पहिली पायरी: जागा निवडा आणि आधी छत बघा

आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हणून बांधलेली जागा क्वचितच असते. गाडी मांगरात (घराशेजारच्या साठवणीच्या खोपटात) उभी असते, घराच्या बाजूला काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये असते, नाहीतर पोर्चमध्ये. यातली कुठलीही चालते, पण प्रत्येकीची खोड वेगळी.

मांगराला मंगळुरी कौलं असतील तर नशीबवान आहात. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आत दमट कोंडत नाही. कौल फुटलं तर गळतं, पण गळती एका जागी असते आणि दिसते. पत्र्याचं उलट आहे. पत्रा गळत नसला तरी पहाटे गार पडतो, आतली ओलसर हवा त्याला खालून चिकटते आणि सकाळी थेंब थेंब गाडीच्या टपावर पडू लागतात. शेड पत्र्याचीच असेल तर भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये समोरासमोरच्या दोन बाजूंना हातभर मोकळी पट्टी ठेवा आणि तिला जाळी मारा. पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, त्या बाजूला झडप हवीच. विणलेली चुडतं (माडाच्या झावळ्या) लावा, नाहीतर हल्ली सगळे लावतात तसं प्लास्टिक ताणा. मात्र ते भिंतीला घट्ट न ठोकता थोडं पुढे टांगा.

जमीन अंगणापेक्षा निदान वीतभर उंच हवी आणि उतार दाराकडे हवा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला गिलावा नसेल तर ती पावसाळाभर पाणी धरून ठेवते. कुठलंही रॅक तिला टेकवून उभं करू नका, चार बोटं तरी अंतर राहू द्या.

आकाराचं गणित सोपं आहे. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर, ॲम्बेसेडरची सुमारे १.६६. त्यात दोन्ही बाजूंना दार पूर्ण उघडून माणूस वाकून बसेल इतकी जागा मिळवा. लहान गाडीला ३ मीटर बाय ५ मीटर म्हणजे कसंबसं पुरतं. ॲम्बेसेडर किंवा जीप असेल तर साडेतीन बाय सहा धरा. जागा याहून कमी असेल तर काम अंगणात करायचं आणि आत फक्त गाडी ठेवायची, हे पहिल्याच दिवशी मान्य करा. अरुंद जागेत रॅकही आणि गाडीही कोंबण्याच्या हट्टातून जो पसारा होतो तो कितीही आवरा, तसाच राहतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एवढंच: इमारतीखालचं पार्किंग हे गॅरेज नव्हे. हत्यारं घरात एका पेटीत ठेवा, तेल बदलायचं असेल तर गावच्या घरी जा. सोसायटीच्या बैठकीत तुमचं नाव निघण्यापेक्षा ते बरं.

दुसरी पायरी: सगळं बाहेर काढा

हे काम एप्रिल-मे महिन्यांत करा, ऊन कडक असताना. अंगणात ताडपत्री पसरा आणि शेडमधली एकूण एक वस्तू तिच्यावर आणा. गाडीसुद्धा बाहेर ढकला. रिकामी शेड एकदा नीट बघा: ओल कुठे आहे, वाळवीची मातीची रेघ कुठून वर चढते, उंदराचं बीळ कुठे आहे. हे भरलेल्या शेडमध्ये कधीच दिसत नाही.

मग ढीग करा. या गाडीचे सुटे भाग एका बाजूला, हत्यारं दुसऱ्या बाजूला, तेलं आणि रंग वेगळे. चौथा ढीग आपोआप तयार होतो, तो म्हणजे ‘असू दे’चा. ‘हे कशाचं आहे?’ असं कोणी विचारलं की ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ज्या वस्तूची सोडवणूक होते ती. गॅरेजमधला खरा पसारा या ढिगात असतो. अर्धवट सोडलेलं काम, उघडलेलं इंजिन, टेबलावर मांडलेला कार्ब्युरेटर हा पसारा नव्हे, ते चालू काम आहे. चार दिवस तसंच राहिलं तर बिघडत नाही, उलट ते उगाच आवरून ठेवलं तर कुठला स्क्रू कुठला हे विसरायला होतं.

‘असू दे’च्या ढिगाला माझा नियम असा: ती वस्तू कुठल्या गाडीच्या कुठल्या भागाची, हे तुम्हाला किंवा तुमच्या मेस्त्रीला सांगता आलं तर ठेवायची. नाही सांगता आलं तर भंगारात. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानदार ती परत घेतो आणि पैसे वळते करतो.

इथे एक इशारा. टापटीप पंथाचे लोक या पायरीवर सगळ्यात जास्त नुकसान करतात. झाडून पुसून स्वच्छ करण्याच्या भरात पद्मिनीचा क्रोमचा बंपर, मूळची स्टेअरिंग चकती, डॅशबोर्डचा काटा हे सगळं ‘जुनं झालंय’ म्हणून रद्दीच्या भावाने जातं. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकांहून जास्त काळ लोटला, ॲम्बेसेडर आणि मारुती ८०० दोन्ही २०१४ साली बंद झाल्या. मूळ भाग आता नवा मिळत नाही, आणि जे ‘नवीन’ म्हणून विकतात त्याचा पत्रा बऱ्याचदा पातळ असतो. गोव्यात तर १९६१ पूर्वी आयात केलेल्या युरोपीय गाड्याही काही जुन्या घरांत अजून उभ्या आहेत. अशा गाडीचा दरवाजाची मूठही टाकू नका. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ती विंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. तेव्हा साठवणाऱ्या पंथाचं इथे बरोबर आहे. फक्त साठवायचं ते पुसून, तेलाचा हात फिरवून, नाव लिहून.

तिसरी पायरी: सुटे भाग कसे ठेवायचे

पुठ्ठ्याची खोकी घरात आणू नका. पुठ्ठा जमिनीतली ओल शोषतो, वाळवीला आवडतो, आणि खालून कुजला की उचलताना तळ फाटून बेअरिंगं घरंगळत गाडीखाली जातात. भाजीवाले वापरतात ते जाळीचे प्लास्टिक क्रेट घ्या. त्यांतून हवा जाते, ते एकावर एक बसतात आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या आसपास जुने स्वस्तात मिळतात. तळाचा क्रेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर किंवा विटांवर ठेवा.

नटबोल्ट, वायसर, क्लिपा यांना झाकणाच्या पारदर्शक बरण्या. एका बरणीत एकाच कामाचे नटबोल्ट: ‘मागचा डावा ब्रेक’ असं लिहून. आकाराप्रमाणे वर्गवारी करायचा मोह होईल, तो आवरा. उतरवलेले बोल्ट आकाराने लावलेत तर परत बसवताना प्रत्येक बोल्ट कुठला ते नव्याने शोधावं लागेल.

इंजिनच्या झाकणासाठी एक जुनी युक्ती आहे. झाकणाचा आकार जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढायचा, बोल्टच्या जागी भोकं पाडायची आणि उतरवलेला प्रत्येक बोल्ट त्या त्या भोकात खोचायचा. बोल्टची लांबी जागेप्रमाणे वेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर ब्लॉक तडकू शकतो. (पुठ्ठा आणू नका म्हणालो खरा, पण हा आठवडाभराचा पाहुणा.) सोबत मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका. तेलकट हातांनी फोटो मोठा करून बघायला गेलं की फोन हातातून निसटतो.

नावं कागदावर लिहून चिकटवू नका, पावसाळ्यात डिंक सुटतो आणि कागद कसर खाते. बरणीवरच पक्क्या शाईच्या मार्करने लिहा. नाहीतर पत्र्याचा तुकडा टोकदार खिळ्याने कोरून तारेने बांधा. हे सगळ्यांत टिकतं.

चौथी पायरी: हत्यारं

नवखा माणूस आधी एकशे आठ नगांचा चकचकीत संच विकत घेतो. त्यातले निम्मे नग त्याच्या गाडीला लागत नाहीत. आधी गाडीचं घराणं ओळखा.

पद्मिनी ही फियाट ११०० ची मुलगी, तिचे नटबोल्ट मिलिमीटरमध्ये: ८, १०, १३, १७, १९ हे पाने सतत लागतात. मारुती ८०० सुझुकीची, तिला ८, १०, १२, १४, १७. विलिस जीप आणि जुनी ॲम्बेसेडर इंची मापाच्या: सात-सोळांश, अर्धा इंच, नऊ-सोळांश. नंतरच्या काळात इसुझूचं इंजिन बसवलेली ॲम्बेसेडर असेल तर इंजिनला मिलिमीटर आणि बाकी अंगाला इंच, म्हणजे दोन्ही संच हवेत.

इथे नीटनेटकेपणा हवाच, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ नंबरचा पाना त्या नटावर आरामात बसतो, फिरतोही, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. मग छिन्नी-हातोडी आली. इंची पान्यांना लाल टेप, मिलिमीटरच्यांना पिवळी, आणि दोघांची टांगण्याची जागा शेडच्या वेगवेगळ्या भिंतींवर. एवढं केलंत तरी तुमच्याकडे दहा नंबरचा पाना हरवणारच. तो सगळ्यांचा हरवतो. दोन जास्तीचे घेऊन ठेवा.

टांगण्यासाठी भिंतीपासून दोन बोटं पुढे काढलेली लाकडी फळी आणि खिळे पुरतात. मरीन प्लायवूड असेल तर उत्तम. मागे रंगाने आकृत्या काढायच्या की नाही हा हौसेचा भाग. मी काढायच्या बाजूने आहे, कारण संध्याकाळी उजेड गेल्यावर कुठला पाना गवतात राहिला ते एका नजरेत कळतं. ऑक्टोबर ते मे या काळात उघडे टांगलेले पाने छान राहतात. पावसाळ्यात मात्र काम झालं की प्रत्येकावर इंजिन ऑइलने ओलसर केलेलं फडकं फिरवा. डब्ल्यूडी-४० मारून सुटका होत नाही. ते ओल हाकलायला आणि अडकलेले नट सोडवायला चांगलं, पण पातळ असल्याने महिनाभर संरक्षण देत नाही.

फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या), टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) ही नाजूक मंडळी जून लागला की घरात न्यायची. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात. पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेवर गरम केल्या की परत कामाला येतात. पण तवा जुना घ्या, भाकरीचा नको.

पाचवी पायरी: जिथे पसारा अजिबात चालत नाही

वरच्या सगळ्या गोष्टींत आवडीनिवडीला जागा आहे. या पायरीत नाही.

गाडीखालची आणि गाडीभोवतीची हातभर जमीन नेहमी मोकळी. घसरून पडलात तर हात कुठे जाईल याचा विचार करा. गाडीखाली जायचं तर फक्त जॅकवर विसंबून कधीच नाही. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात आणि ते चाकाखाली, चेसिसखाली रचायची सवय जुनी आहे. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, भिंतीत भार सगळीकडे सारखा वाटला जातो म्हणून तो टिकतो. गाडीचा भार एका टोकावर आला की तो इशारा न देता फुटतो, पावसात भिजलेला असेल तर लवकरच. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. दोन जॅक स्टँडची (उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडची) जोडी घ्या, ती घेईपर्यंत गाडीखाली जाऊ नका. मांगराची जमीन मातीची असेल तर स्टँडचे पाय रुततात. खाली जाड प्लाय किंवा लोखंडी पट्टी घाला. चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके. गाडी उचलली की हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली सरका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते आणि जमिनीलगत दूरवर पसरते. शेडमध्ये इन्स्पेक्शनचा (गाडीखाली उतरून काम करायचा) खड्डा असेल तर ती त्यात साचते. खड्ड्यात उतरण्यापूर्वी हवा खेळू द्या आणि आत साधा बल्ब नेऊ नका, बंदिस्त एलईडी दिवा न्या. पावसाळ्यात आपल्याकडे भूजल वर येतं आणि खड्डा विहिरीसारखा भरतो. त्यावर मजबूत फळ्या टाकून ठेवा, नाहीतर वासरू किंवा पाहुणा पडेल. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

चार किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ टांगा. आतल्या कोपऱ्यात टांगलंत तर ते घ्यायला आगीतून जावं लागेल. त्याच्यापुढे सायकल, शिडी, काही टेकवायचं नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते मधूनमधून बघा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका, ती पसरते. अळशीच्या तेलाने किंवा तेलरंगाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकल्या तर त्या आपोआप तापून पेटू शकतात. उन्हात पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा.

दार बंद करून इंजिन चालू करायचं नाही, बाहेर पाऊस कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, आणि बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक. शेडच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) बसवून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून ग्राइंडर चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत.

सहावी पायरी: बाटल्या आणि काळं तेल

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्याचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. अनमोड घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ होते आणि पेडल नुसतं खाली जातं. तेव्हा लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून आणू नका. लहान आणा, उघडा, वापरा, उरलेलं पुढच्या पावसाळ्यासाठी जपून ठेवू नका. ते रंगावर सांडलं तर रंग सोलतं, हेही लक्षात असू द्या.

कूलंट चवीला गोड असतं आणि बहुतेक वेळा त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं. कुत्रं-मांजर ते चाटतं आणि मरतं. सांडलं की लगेच पुसा, बाटली उंचावर.

काढलेलं इंजिन ऑइल कुंपणाच्या खांबांना आणि वाशांना वाळवी लागू नये म्हणून लावायची आपल्याकडे पद्धत आहे. विहीर जवळ असेल तर हे करू नका. पहिल्या पावसात ते धुऊन जमिनीत उतरतं. झाकणाच्या डब्यात साठवा आणि ज्या वर्कशॉपमधून तेल पुनर्वापरासाठी उचललं जातं तिथे नेऊन द्या. डब्यावर ‘काळं तेल’ असं मोठ्या अक्षरात लिहा.

सातवी पायरी: पावसाआधीचं पुरुमेंत

घरात मे महिन्यात सुकी मासळी, मिरची, कोकमं भरून ठेवतात तसंच गॅरेजचंही पुरुमेंत असतं. मृग लागण्याआधी कौलं शाकारून घ्या, पन्हाळीतला पाचोळा काढा. रबरी पाइप, बेल्ट, वायपर यांची जोडी आधीच आणून ठेवा. जुलैत दुकानात जायला तुमच्याकडे चालणारी गाडी नसेल.

हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, रिकाम्या टाकीत जास्त हवा आणि हवेबरोबर जास्त ओल. जुन्या गाडीचे रबरी इंधन पाइप या पेट्रोलने फुगतात, चिरतात. ते बदलायचं काम पावसाआधीच उरका. बंद शेडमध्ये गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. बॅटरीचा व्होल्ट बघत चला: स्थिर असताना १२.६ म्हणजे भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी.

टायरींचा ढीग उघड्यावर ठेवला की आत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. टायर आत उभ्या ठेवा. बाहेरच ठेवाव्या लागल्या तर आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाका.

आणि साप. पावसात बिळं पाण्याने भरली की नाग, घोणस, मण्यार कोरड्या जागा शोधतात, आणि उंदीर असलेली पसाऱ्याची शेड त्यांना आवडते. पसाऱ्याविरुद्ध सगळ्यांत जोरदार मुद्दा माझ्या मते हाच आहे. क्रेट जमिनीपासून वीतभर वर असतील तर खाली टॉर्च मारून बघता येतं. हात घालण्याआधी काठीने हलवा, अंधारात चप्पल घालूनच आत जा. चावलाच तर जखमेवर ब्लेडने कापणं, दोरी आवळणं, भगताकडे नेणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोचा.

पावसात एखाद्या दिवशी उघडीप मिळते. त्या दिवशी बाकी काही करू नका. शेडची दारं-खिडक्या सताड उघडा, गाडीचे चारही दरवाजे आणि बॉनेट उघडा, मॅट काढून उन्हात टाका. वर्षभराच्या पुसापुशीपेक्षा या दोन-तीन तासांनी गाडी जास्त वाचते.

आठवी पायरी: घरच्यांशी तह

मांगर तुमच्या गाडीच्या आधीपासून घरचा आहे. त्यात नारळ आहेत, सोडणं (नारळाची सुकी सालं) आहेत, सुपारी आहे, आणि पावसात कपडे वाळत घालायची दोरी आहे. तुमच्या गॅरेजमधला निम्मा पसारा तुमचा नसतो. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. जमिनीवर रंगाची एक पट्टी ओढा: पलीकडे आईचं, अलीकडे तुमचं. सोडणं आणि पेट्रोल एका छताखाली राहणार नाहीत ही एकच अट घाला, आणि ती का, ते एकदा नीट समजावून सांगा. बदल्यात तुमचे तेलाचे हात घरातल्या टॉवेलला लागणार नाहीत, हे कबूल करा. त्यासाठी शेडमध्ये एक बादली, साबण आणि भुसा ठेवा. आधी भुशाने चोळून मग साबण लावला की ग्रीस सुटतं.

चवथीला मुंबईचे नातेवाईक आले की पट्टी पुसली जाते. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या चौकटीचं) लाकूड, जास्तीचे पाट, गाद्या सगळं गॅरेजमध्ये. त्याआधी दोन दिवस इंजिनची सगळी तोंडं चिंध्यांनी बंद करा आणि सुटे भाग उंच फळीवर न्या. ‘काका, हे काय?’ म्हणत पिस्टन घेऊन पळणारी मुलं असतातच. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची म्हणून सगळी एकत्र मांडली जातात, तेव्हा मोजून घ्या. वर्षभरात काय हरवलं ते त्या दिवशी कळतं.

काम संपलं की रोज दहा मिनिटं: हत्यारं पुसून जागेवर, जमीन झाडून, मुख्य बटण बंद. उघडलेलं काम तसंच राहू द्या, फक्त त्यावर कापड टाका आणि शेजारी पाटीवर खडूने लिहा, पुढे काय करायचं होतं. ‘डावा ड्रम बसवला, हवा काढायची बाकी.’ पंधरा दिवसांनी परत आलात की ही एक ओळ पुरते. विशेषतः ब्रेकच्या बाबतीत, कारण मधल्या काळात घरातल्या कोणाला तरी गाडी बाहेर काढायची हुक्की येऊ शकते. ब्रेक उघडे असतील तर किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

पैसे मोजके असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी जॅक स्टँडची जोडी आणि अग्निशामक. मग आरसीसीबी. मग गाडीच्या घराण्याप्रमाणे मोजके पण चांगले पाने, क्रेट आणि फळ्या. त्यानंतर चांगला दिवा आणि एक पंखा, शक्यतो हवा बाहेर फेकणारा. बंद ड्रॉवरची रंगीत ट्रॉली आणि इपॉक्सीची चकचकीत फरशी सगळ्यांत शेवटी, आणि फरशी घातलीतच तर खडबडीत घाला. ओल्या चपलांनी गुळगुळीत इपॉक्सीवर उभं राहता येत नाही.